घरबसल्या इंग्रजी : ‘इट’ बसवायचे कुठे?

इंग्रजी म्हटले की आपल्या घरांतून पहिली भीती असते ती मोठ्या शब्दांची. ‘एक्स्टिंग्विश’ म्हणजे विझवणे, ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘टॉलरेट’ म्हणजे सहन करणे, असे शब्द मुलगा वहीत उतरवून पाठ करतो. परीक्षेत गुणही मिळवतो. पुढे तोच मुलगा मिठबाव सोडून गोव्याच्या हॉटेलात लागतो, नाहीतर जहाजावर खलाशी म्हणून चढतो. एक दिवस वरचा माणूस ओरडतो, ‘पुट इट आउट!’ मुलगा मनात अर्थ लावतो : पुट म्हणजे ठेव, आउट म्हणजे बाहेर. पेटलेली वस्तू उचलून तो बाहेर ठेवायला निघतो. वरच्या माणसाने सांगितलेले असते, ‘ते विझव!’

मोठे शब्द न आल्यामुळे नोकरी सहसा जात नाही. अडचण होते ती अशा लहान शब्दांनी.

याचे कारण इतिहासात आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या सरदाराने इंग्लंड जिंकले. पुढे कितीतरी वर्षे राजदरबाराची भाषा फ्रेंच आणि विद्वानांची लॅटिन राहिली. पुस्तकी इंग्रजीतले लांबलचक शब्द बहुतेक तिकडून आले. कष्टकऱ्यांच्या तोंडी मात्र गेट, पुट, टेक असली आखूड क्रियापदे आणि अप, डाउन, ऑन, ऑफ, आउट असले इवलेसे शब्द राहिले. आपण शाळेत दरबारी इंग्रजी पाठ करतो आणि कामावर कानी पडते ते शेतकऱ्या-कोळ्यांचे इंग्रजी.

हे आपल्यालाही येते

एका क्रियापदाला लहान शब्द जोडून अर्थ बदलणे ही काही साहेबाची मिरास नव्हे. मराठीत पाहा : करून घे, करून दे, करून टाक, करून बघ, करून ठेव, भलतेच करून बसला. मालवणी म्हातारी नातवाला ‘ता उचलून हाड’ म्हणते तेव्हा ‘उचल’ आणि ‘उचलून हाड’ यांतला फरक तिला कुणी शिकवलेला नसतो. इंग्रजीतही तसेच. ‘पुट इट डाउन’ म्हणजे खाली ठेव, ‘पुट इट ऑन’ म्हणजे अंगात घाल, ‘पुट इट अवे’ म्हणजे जागच्या जागी ठेवून दे, ‘पुट इट ऑफ’ म्हणजे पुढे ढकल, ‘पुट इट आउट’ म्हणजे विझव.

‘इट’ मध्ये की शेवटी?

आता मुख्य मुद्दा. ‘जाळे उचल’ हे इंग्रजीत दोन्ही प्रकारे चालते : ‘पिक अप द नेट’ किंवा ‘पिक द नेट अप’. पण जाळ्याच्या जागी ‘इट’ आले की एकच जागा, मधली. ‘पिक इट अप’ बरोबर. ‘पिक अप इट’ चूक. हिम, हर, देम, मी यांनाही हाच नियम. ‘टर्न इट ऑफ’ म्हणजे बंद कर. ‘फिल इट इन’ म्हणजे फॉर्म भर. ‘ड्रॉप देम ऑफ’ म्हणजे त्यांना गाडीने नेऊन सोड.

दुसरा गट याच्या उलट आहे. ‘लुक ॲट इट’ म्हणजे त्याच्याकडे बघ. ‘लुक आफ्टर हिम’ म्हणजे त्याचा सांभाळ कर. ‘वेट फॉर मी’ म्हणजे माझी वाट बघ. इथे ‘इट’, ‘हिम’, ‘मी’ शेवटीच येतात. ‘लुक हिम आफ्टर’ असे कुणी म्हणत नाही. लहान शब्द दोन असले तरी सर्वनाम शेवटीच : ‘पुट अप विथ इट’ म्हणजे सहन कर.

मग ओळखायचे कसे? कानाने. पहिल्या गटात जोर शेवटच्या लहान शब्दावर पडतो : पिक इट अप, टर्न इट ऑफ. दुसऱ्या गटात जोर क्रियापदावर असतो आणि लहान शब्द घाईत गिळला जातो : लुक ॲट इट, वेट फॉर मी. इंग्रजी बातम्या किंवा सिनेमा लावून दोन-चार दिवस फक्त हा जोर ऐकावा. सरावाने कान तयार होतो.

ला, शी, बद्दलचा फास

आपल्या चुका बहुतेक मराठी प्रत्ययांतून येतात. ‘माझे ऐक’ यात ‘टू’ला जागाच दिसत नाही, म्हणून मूल ‘लिसन मी’ म्हणते. बरोबर आहे ‘लिसन टू मी’. उलट ‘तिच्याशी लग्न केले’ यात ‘शी’ आहे, म्हणून आपण ‘मॅरिड विथ हर’ म्हणतो. इंग्रजीत तिथे काहीच लागत नाही : ‘ही मॅरिड हर’. ‘त्याबद्दल चर्चा करू’ म्हणून ‘डिस्कस अबाउट इट’ येते. हवे नुसते ‘डिस्कस इट’.

‘ला’ तर फारच फसवतो. ‘मला सांग’ म्हणजे ‘टेल मी’, मध्ये ‘टू’ नाही. ‘मला समजाव’ म्हणताना मात्र ‘टू’ लागतो : ‘एक्स्प्लेन इट टू मी’. म्हणून सुटे शब्द पाठ करू नयेत. क्रियापद, लहान शब्द आणि सर्वनाम अशी तिघांची जोडणी एकदम तोंडात बसवावी.

जहाजावर जाणाऱ्या मुलांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बोलण्यातला गैरसमज समुद्रावर जिवावर बेततो, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मान्य केला. तिथे ‘लेट गो’ म्हणजे दोर किंवा नांगर सोडा. ‘स्टँड बाय’ म्हणजे तयारीत राहा. घरी मात्र ‘स्टँड बाय हिम’ म्हणजे त्याच्या पाठीशी उभा राहा. एका ‘हिम’ने अर्थ कुठल्या कुठे गेला!

या आठवड्याचा गृहपाठ

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्यापूर्वी ते पाचवीत सुरू होई. त्यामुळे ‘आम्हालाच येत नाही, मुलांचे काय घेणार?’ असे अनेक आईबाप म्हणतात. हा गृहपाठ त्यांच्यासाठीच आहे. याला ना फी, ना क्लास.

आईने मराठीत सांगावे, मुलाने इंग्रजीत म्हणत ते काम करून दाखवावे. कळशी खाली ठेव : ‘पुट इट डाउन’. गॅस बंद कर : ‘टर्न इट ऑफ’. टीव्हीचा आवाज कमी कर : ‘टर्न इट डाउन’. चपला काढ : ‘टेक देम ऑफ’. केर बाहेर नेऊन टाक : ‘थ्रो इट आउट’. धाकट्याला सांभाळ : ‘लुक आफ्टर हिम’. मिठबावच्या किनाऱ्यावर रापण ओढताना ‘पुल इट इन’ आणि होडी बांधताना ‘टाय इट अप’ म्हणून बघावे. रोज पाच वाक्ये पुरेत.

आईला इंग्रजी येत नसले तरी हरकत नाही. मुलाचे ओठ आणि हात एकाच वेळी चालतात की नाही, एवढे तिने पाहावे. तोंडाने ‘टर्न इट ऑफ’ आणि हात गॅसच्या बटणावर, मग धडा पक्का. असा हातातून शिकलेला शब्द ऐन वेळी, साहेब ओरडला तरी, दगा देत नाही.