जीप, पाना आणि परवाना

केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी जो निकाल दिला, त्याचा आशय थोडक्यात असा : कारखानदाराने वाहनाचा जो मूळ तपशील ठरवून दिला आहे, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला आपल्या वाहनात करता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा हा अन्वयार्थ आहे आणि कायद्याची भाषा पाहता तो अनपेक्षित म्हणता येत नाही. त्याच वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून शिक्षाही कडक केली. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि, देशातील हजारो गॅरेजांतून आणि घरांच्या अंगणांतून जुन्या जीपगाड्यांवर जे काम वर्षानुवर्षे चालू आहे, ते या निकालाने थांबले नाही. कायदा आणि व्यवहार यांच्यात एवढी मोठी दरी पडावी, ही गोष्ट दोघांच्याही हिताची नाही.

हौशी तरुणांनी गाड्यांना राक्षसी टायर बसवायचे आणि रस्त्यावर मिरवायचे, एवढ्यापुरता हा प्रश्न असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु जीप हे वाहन मुळातच वेगळ्या जातीचे आहे. १९४० साली अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीची मागणी नोंदवली. तिच्यातून जी जीप जन्माला आली, ती चिखलात रुतली तर ओढून काढावी आणि मोडली तर रानात बसून दुरुस्त करावी, याच हिशेबाने घडवलेली होती. भक्कम स्वतंत्र चासी, पुढे-मागे कमानपाटे, साधे ६० अश्वशक्तीचे इंजिन आणि हाताने सपाट करता येईल असा पत्रा, एवढाच तिचा संसार. महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. युद्धानंतर त्या जगभर नागरी वापरात आल्या आणि ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे त्यांना रूप दिले. कोणी नांगर जोडला, कोणी पाण्याचा पंप चालवला.

भारतात स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे कित्येक दशके ती आपल्या ग्रामीण जीवनाचा भाग बनून राहिली. तहसीलदार, वनाधिकारी, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि निवडणुकीतले उमेदवार या सर्वांना तिने वाहिले. डिझेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, हे गणित उमजताच पेट्रोलवर चालणाऱ्या जीपमध्ये मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवून देणारे कारागीर ठिकठिकाणी निर्माण झाले. मागच्या भागात आडवी-उभी बाके ठोकून तिला ‘वडाप’ बनवण्याची विद्या तर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात शाळकरी मुलांनाही ठाऊक होती. हरियाणातील सिरसा जिल्ह्यात कालांवाली आणि मंडी डबवाली या गावांत लष्कराने मोडीत काढलेल्या जीपांना नवजन्म देण्याचा धंदाच उभा राहिला. तेव्हा जीपमध्ये बदल करणे हे आजकालचे फॅड आहे, असे म्हणणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक नाही, असेच म्हणावे लागेल.

अर्थात परंपरा जुनी आहे म्हणून ती निर्दोष ठरत नाही. वडापच्या जीपमध्ये माणसे कशी कोंबली जात आणि अपघातात त्याची किंमत कोणाला मोजावी लागे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. ज्या देशात रस्ता इतके बळी घेतो, तेथे वाहनाच्या घडणीशी वाटेल तसा खेळ करण्याचे स्वातंत्र्य कोणी मागू नये. गाडी मालकाची असली तरी रस्ता सर्वांचा असतो. कायद्याच्या बाजूने केला जाणारा हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि हौशी मंडळींनी तो आधी मान्य केला पाहिजे.

त्याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. समजा, २८ इंच व्यासाच्या टायरच्या जागी ३३ इंचांचे टायर बसवले. गाडीचे पोट अडीच इंच वर उचलले जाते आणि दगड चुकतो, हा लाभ खरा. परंतु चाकाचा घेर सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. वेगमापकाचा काटा ६० दाखवत असेल, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ताशी ७० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. ब्रेक मात्र तेच राहतात आणि वाढलेल्या त्रिज्येमुळे त्यांचा जमिनीवरील जोर सुमारे पंधरा टक्क्यांनी घटतो. म्हणजे गाडी चालकाला वाटते त्यापेक्षा वेगाने जाते आणि त्याला वाटते त्यापेक्षा उशिरा थांबते. दुकानदार टायर विकताना हा हिशेब सांगत नाही.

उंचीचा हिशेब याहून गंभीर आहे. कमानपाट्यांखाली ठोकळे घालून गाडी आणखी उंच केली की ती रुबाबदार दिसते. परंतु पाटे उचलल्याने चासी वर जाते, एक्सल जागचा हलत नाही. ज्या डिफरन्शियलवर दगड आदळण्याची भीती असते, ते होते तेथेच राहते. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. गाडीच्या दोन चाकांतील अंतर ४८ इंच आणि गुरुत्वमध्याची उंची २६ इंच धरली, तर ढोबळ मानाने वजनाच्या नऊ दशांशांहून अधिक आडवा रेटा आल्याशिवाय ती कलंडत नाही. गुरुत्वमध्य पाच इंच वर गेला की हे प्रमाण पाऊण हिश्श्याच्या आसपास येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण आठ दशांश असते. याचा अर्थ, वळणावर पूर्वी जी गाडी घसरली असती, ती आता उलटते. घसरणे आणि उलटणे यांतला फरक अनेकदा जीव वाचणे आणि जाणे यांतला फरक असतो. शिवाय उंची वाढली की ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि स्टिअरिंगच्या दांड्यांची ठेवण बदलते.

तथापि, यातून सारेच बदल घातक असतात, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जुन्या जीपला ब्रेकच्या तेलाचे एकच मंडल असे. एका चाकाशी नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. त्या जागी दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर बसवणे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक देणे, प्रत्येक आसनाला पट्टा लावणे आणि तो चासीशी पक्क्या जोडलेल्या आधारावर घट्ट करणे, उघड्या गाडीवर मजबूत पोलादी कमान उभी करणे, या सर्व सुधारणा माणसाचा जीव वाचवणाऱ्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीत कारखान्याने ठेवलेली उणीव आजच्या मालकाने भरून काढली, तर तो समाजावर उपकारच करतो. परंतु मूळ तपशील हीच ज्या कायद्याची कसोटी आहे, त्याच्या दृष्टीने हा मालक आणि गाडी आंधळेपणाने उंच करणारा मालक यांच्यात भेद करणे अवघड होते. जो कायदा शहाण्याला आणि उतावळ्याला एकाच रांगेत उभा करतो, त्याविषयी आदर टिकत नाही.

पूर्वी स्थिती अशी नव्हती. १९८८ चा कायदा मूळ स्वरूपात आला तेव्हा मालकाने नोंदणी अधिकाऱ्याला सूचना देऊन आणि त्याची संमती घेऊन बदल करावा, अशी तरतूद होती. जोडसामान लावल्याने किंवा काढल्याने वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला, तर संमतीचीही गरज नव्हती. म्हणजे हजार किलोच्या जीपला वीस किलोंची मोकळीक होती. २००० सालच्या दुरुस्तीने ही रचना मोडून कारखानदाराचा मूळ तपशील हीच लक्ष्मणरेषा ठरवली. त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. प्रत्येक नव्या नमुन्याची पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थांत चाचणी होते. त्या चाचणीनंतर कोणीही गाडीत मन मानेल ते करणार असेल, तर चाचणीला अर्थ काय? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर बदललेल्या गाडीची पुन्हा चाचणी करणे हेही असू शकते. बदलावरच बंदी घालणे हे एकमेव उत्तर नव्हे.

इतर देशांनी तसेच केले आहे. जर्मनीत बदललेल्या भागांची अधिकृत तपासणी होते आणि आवश्यक तेथे त्याची नोंद वाहनाच्या कागदपत्रांत केली जाते. ऑस्ट्रेलियात, जेथे ओसाड मुलुखातून शेकडो मैल प्रवास करणे हा अनेकांच्या जीवनाचा भाग आहे, ठराविक मर्यादेपर्यंतचे बदल मालकाला करता येतात आणि त्यापुढील बदलांसाठी मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. या देशांत रस्त्याच्या सुरक्षिततेला कमी लेखले जाते, असे कोणी म्हणणार नाही. तेथे मालकाला मोकळीक आहे, पण तिच्याबरोबर उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे.

आपल्या कायद्यातही ही वाट पूर्ण बंद नाही. गाडी सीएनजी किंवा विजेवर चालवण्यासाठी बदल करण्याची सोय नियमांत आहे. दिव्यांग व्यक्तीला सोयीचे होईल असे वाहन करून घेण्याची तरतूद आहे. विशेष म्हणजे ज्या २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक केली, तिनेच वाहनांतील बदलांसाठी तपशील आणि अटी ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आणि अशा बदलामुळे कारखानदाराची हमी रद्द समजली जाऊ नये, असेही म्हटले. तेव्हा प्रश्न नवा कायदा करण्याचा नसून, असलेल्या अधिकाराचा वापर अधिक विचारपूर्वक करण्याचा आहे.

हे नियम करताना बदलांच्या तीन पायऱ्या ठरवता येतील. पहिलीत जोडसामान, आसनपट्टे, ओढण्याचे हूक यांसारख्या, वजनाच्या मर्यादेत बसणाऱ्या गोष्टी असाव्यात. त्यांना परवानगी लागू नये. दुसरीत टायर, कमानपाटे, ब्रेक आणि इंजिन यांतील बदल यावेत. त्यांची पूर्वसूचना द्यावी आणि काम झाल्यावर नेमलेल्या अभियंत्याने तपासून नोंदणीपुस्तकात तशी नोंद व्हावी. विमा कंपनीलाही तीच नोंद प्रमाण मानता येईल. चासी कापणे, स्टिअरिंगचे भाग वेल्डिंग करून जोडणे, धूर वाढवणारे फेरफार आणि पादचाऱ्याच्या अंगाची चाळण करणारे पोलादी बंपर ही तिसरी पायरी. तिला सक्त मनाई असावी. अशा बंपरविरुद्ध कारवाई करण्यास केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवले होते.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. आपल्याकडे प्रमाणपत्रे विकत मिळतात, मग ही तपासणी म्हणजे लाचलुचपतीची आणखी एक खिडकीच ठरणार नाही काय? हा आक्षेप खोटा नाही. परंतु सरसकट बंदीनेही ती खिडकी बंद झालेली नाही. जे सर्रास घडते आणि कागदावर निषिद्ध असते, तेथेच चिरीमिरीला सर्वांत जास्त वाव असतो. शिवाय चोरून केलेले काम कोणालाही दाखवता येत नाही, म्हणून त्यातील दोष कोणी सांगत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या कार्यशाळा तालुक्यांपर्यंत पसरलेल्या आहेत. योग्य साधने आणि प्रशिक्षित माणसे देऊन त्यांतील काहींना तपासणीची मान्यता दिली, तर एकाच कार्यालयाची मक्तेदारी मोडेल आणि विद्यार्थ्यांनाही प्रत्यक्ष काम शिकायला मिळेल.

या प्रश्नाचे खरे महत्त्व येथेच आहे. जीपची किल्ली असणे आणि जीप समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जो माणूस स्वतः चाकाचे बेअरिंग काढून ग्रीस भरतो, युनिव्हर्सल जॉइंट बदलतो, ब्रेकमधील हवा काढतो, त्याला आपल्या गाडीच्या मर्यादा कळतात आणि तो सहसा बेफाम होत नाही. या देशात पुस्तकी शिक्षणाला मान आहे आणि हात काळे करणाऱ्याला तो नाही, ही तक्रार जुनीच आहे. अशा वेळी स्वतःच्या हाताने यंत्र समजून घेऊ पाहणाऱ्या तरुणाच्या वाट्याला पहिल्यांदा दंडाची पावती यावी, हे शहाणपणाचे नाही. त्याला शिकवावे, त्याचे काम तपासावे आणि चुकला तर अवश्य अडवावे.

मात्र सवलत मागणाऱ्यांनी आधी आपले घर सावरले पाहिजे. डोळे दिपवणारे दिवे, कान फाडणारे भोंगे आणि धूर ओकणारी नळकांडी यांनी ज्यांनी लोकांना वैताग आणला आहे, त्यांच्या बाजूने कोणी उभे राहणार नाही. पैसा प्रथम ब्रेकवर, मग टायरवर आणि उरलाच तर शोभेवर खर्च करावा, एवढा क्रम जरी या मंडळींनी पाळला, तरी त्यांच्या मागणीला नैतिक बळ येईल. नागरिकाने पाना हाती घेण्यापूर्वी हिशेब शिकावा आणि सरकारने परवाना नाकारण्यापूर्वी काम पाहावे. दोघांनीही एवढे पथ्य पाळले, तर जुन्या जीपा आणि नवे कायदे एकाच रस्त्यावरून सुरक्षितपणे जाऊ शकतील.