तुटलेला बोल्ट

घरी यंत्र दुरुस्त करिताना एखादी वस्तू मोडणे हा अपराध नव्हे. ती मोडल्यानंतरच्या पहिल्या घटकेत आपण काय करितो, यावरून मात्र मनुष्याची पारख व्हावी, असे आमचे मत आहे. आणि ते आम्हांस ग्रंथांतून लाभलेले नाही.

गेल्या नाताळाच्या सुट्टीत आम्ही फर्दापुरास वडील बंधूंकडे गेलो होतो. अजिंठ्याची लेणी पाहावयास येणाऱ्या लोकांस आगगाडीवर पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय. घरात एकच मोटार, व तिच्यावरच सर्वांचा चरितार्थ. सोमवारी लेणी बंद असल्यामुळे मोटार अंगणात उभी होती, आणि इंजिनापाशी थेंब थेंब पाणी गळत होते. बंधू सिल्लोडास गेलेले. “एवढेसे काम! दादा येण्यापूर्वी उरकून टाकू,” असे आम्ही पुतण्यास म्हणालो.

पाण्याची नळी इंजिनास जोडणारे झाकण दोन बोल्टांनी बसविलेले असते. बोल्ट पोलादी, 6 मिलिमीटर जाडीचे. ज्या बैठकीत ते शिरतात ती ॲल्युमिनिअमची. या दोन धातूंमध्ये ओल शिरली म्हणजे ॲल्युमिनिअम झिजते, व त्याची पांढरी भुकटी आट्यांत अशी गच्च बसते की बोल्ट जणू सांधलाच जातो. हे आम्ही वर्गात प्रतिवर्षी शिकवितो! तरीही 10 नंबरचा पाना हलेना, तेव्हा त्याच्या दांड्यावर आम्ही हातभर लोखंडी नळी चढविली. एवढासा बोल्ट आवळावयास मनगटाचे बळ पुरते. आम्ही खांद्याचे लाविले. बोल्ट प्रथम करकरला, मग एकाएकी मऊ लागला. सुटला, असे वाटते न वाटते तोच त्याचे डोके पान्यात आले व देठ आत राहिला.

पुढचे सांगावयास संकोच वाटतो. दादा येण्याच्या आत सर्व पूर्ववत करावे, या घाईने आम्ही ड्रिल चालविले. टोक पोलादावर ठरेना. ते घसरून शेजारच्या नरम ॲल्युमिनिअमात उतरले, आणि तोवर धड असलेली बैठकही बिघडली. पुतण्या हळूच म्हणाला, “काका, एम-सील भरून झाकण चिकटवू या. बाबांना कळणार नाही.” मुलास काय दोष द्यावा? तोच विचार त्याच्या आधी आमच्या मनात येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच मोटारीने परगावचे एक कुटुंब जळगाव स्टेशनास जावयाचे होते. वाटेत तो लेप सुटता, तर पाणी वाहून जाऊन इंजिन तापले असते, मुलेबाळे आडरानात अडकली असती, व बोल दादांस लागला असता.

बोल्ट मोडला तो आमच्या बळाने. बैठक बिघडली ती आमच्या लाजेने. जवळच्या लेण्यांतही दुरुस्तीची एक चूक घडलेली आहे. निजाम सरकारने 1920 ते 1922 या काळात इटलीहून तज्ज्ञ आणवून चित्रांवर लाखेचा लेप देवविला. हेतू चांगला, परंतु लेप पुढे पिवळा पडून चित्रे झाकोळली. मागाहून पुरातत्त्व खात्याने तो मोठ्या जपणुकीने उतरविला. आधी काय लाविले होते याची वार्ताच नसती, तर उतरविणाऱ्याने कोठून आरंभ करावा?

असो. आम्ही ड्रिल खाली ठेविले, दादांस दूरध्वनीवरून सर्व सांगितले व हमरस्त्यावरच्या मिस्त्र्यास बोलाविले. वयाने तो आमच्या जुन्या विद्यार्थ्यांएवढा. त्याने प्रथम बॅटरीची तार सोडविली, मग देठावर नट ठेवून तो वेल्डिंगने सांधला. दोन नट निखळले; तिसरा टिकला. तापल्यावर ॲल्युमिनिअम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते व भोक सैल होते, हा नियम आमच्या मुखी होता, त्याच्या हाती होता. थोडे तेल सोडून, पाव फेरा मागे, पाव फेरा पुढे, असे करीत त्याने देठ अलगद काढिला. बिघडलेल्या आट्यांच्या जागी तारेचे वेटोळे बसविताना तो म्हणाला, “गुरुजी, तुटायच्या आधी मऊ लागला असंल ना? तिथंच थांबायचं असतंय.”

पालकहो, मोडलेली वस्तू घेऊन मूल समोर आले म्हणजे आपला पहिला शब्द बहुधा “कोणी मोडली?” हाच असतो, व तेथूनच लपविण्याचे शिक्षण सुरू होते. “मोडल्यावर काय केलेस?” असे विचारून पाहावे. आमच्या पुतण्याने सायंकाळी स्वतःहून एम-सीलची गोष्ट वडिलांस सांगितली. दादा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी त्यास कंदील धरावयास नव्हे, तर नवा बोल्ट स्वतः आवळावयास बोलाविले, नळीवाचून, नुसत्या मनगटाने.

मंगळवारी मोटार वेळेवर जळगावास पोहोचली. झाकणाचा दुसरा बोल्टही जुनाच आहे व कधीतरी बदलावा लागेल. परंतु त्यास आम्ही हात लावावयाचा नाही, अशी दादांची सक्त ताकीद आहे.