पगाराला बढती, माणसाला नाही

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारा हा कोरडवाहू मुलूख. पोहरादेवी याच तालुक्यात असल्याने बंजारा समाजाच्या दृष्टीने तो श्रद्धेचाही मुलूख आहे. येथील तांड्यावरचा माणूस सरकारला भेटतो तो मुंबईच्या मंत्रालयात नव्हे, तर तहसील कचेरीच्या टेबलाशी. विमुक्त जातीचा दाखला हवा असेल, तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. मानोरा १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. जुनी कोतवाल पंजी कोठे सापडेल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील कोणती नोंद ग्राह्य धरली जाईल, हे ज्याला ठाऊक आहे तो वीस-पंचवीस वर्षे कागदांत मुरलेला कारकून असतो. अधिकारी बदलून जातात, ही माहिती त्याच्यापाशी राहते.

अशा माणसाला वरचे पद मिळण्याची वाट किती मोकळी आहे, हा प्रश्न वरकरणी नोकरदारांचा खासगी प्रश्न वाटतो. वस्तुतः तो लोकांच्या कारभाराचा प्रश्न आहे.

महसूल खात्याची शिडी सर्वपरिचित आहे. लिपिक, अव्वल कारकून किंवा मंडळ अधिकारी, नायब तहसीलदार आणि मग तहसीलदार. विभागीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, गोपनीय अहवाल चांगले असावे लागतात, ज्येष्ठता यादीत नाव वर यावे लागते. शिडीच्या पायऱ्या कागदावर आहेत. पण वर जावे तसतशी पदे थोडी होत जातात आणि त्यांतील काही लोकसेवा आयोगामार्फत थेट भरली जातात. परिणामी कित्येकांची सारी सेवा एकदोन पायऱ्यांतच संपते.

ही कोंडी शासनाला माहीत नाही, असे नाही. १९९५ साली कालबद्ध पदोन्नतीची योजना १ ऑक्टोबर १९९४ पासून लागू करण्यात आली. बारा वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळू लागली. पुढे तिची आश्वासित प्रगती योजना झाली आणि २०१९ च्या निर्णयाने १०, २० व ३० वर्षांच्या सेवेनंतर असे तीन लाभ ठरले. कुंठितता दूर करणे हा या योजनेचा हेतू. संसार चालविणाऱ्या कर्मचाऱ्याला तिचा मोठा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिचा अर्थशास्त्रीय आशयही ओळखला पाहिजे. अनुभवाची किंमत आहे हे शासन मान्य करते आणि ती किंमत मोजतेही. पण त्या अनुभवाचा उपयोग मात्र करीत नाही. वेतन वरच्या पदाचे आणि काम पूर्वीचेच! सहीचा अधिकार नाही, निर्णयाची जबाबदारी नाही. जनतेचा पैसा खर्च होतो आणि जनतेच्या पदरात जास्तीचे काही पडत नाही.

याच्या उलट प्रकार प्रभारी कारभाराचा. वरचे पद रिक्त असते, नियमित बढती होत नाही आणि खालच्या माणसाकडे 'अतिरिक्त कार्यभार' सोपविला जातो. येथे जबाबदारी आहे, पण पदाचे संरक्षण नाही. केव्हाही कार्यभार काढून घेतला जाईल या धास्तीत असलेला माणूस स्थानिक पुढाऱ्याच्या चुकीच्या शिफारशीला 'नाही' म्हणू शकत नाही.

बढतीच्या प्रश्नाला सामाजिक न्यायाची बाजू आहे, ती मानोऱ्यात विशेष लागू पडते. २००१ च्या राज्य आरक्षण कायद्यावर आधारित २५ मे २००४ च्या शासन निर्णयाने अनुसूचित जाती-जमातींबरोबर विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांनाही पदोन्नतीत मिळून ३३ टक्के जागा दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये तो निर्णय रद्द ठरविला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने सर्व पदे २५ मे २००४ रोजीच्या ज्येष्ठतेनुसार भरण्याचे ठरले. घटनेचे कलम १६(४अ) केवळ अनुसूचित जाती-जमातींचा उल्लेख करते. तेव्हा बंजारा कर्मचाऱ्याचा आधार राज्याच्या कायद्यापुरताच उरतो. न्यायालये प्रतिनिधित्वाची आकडेवारी मागतात; ती संवर्गवार गोळा करण्याचे काम शासनाचे आहे, कारकुनाचे नव्हे.

केवळ ज्येष्ठतेवर बढती दिली तर कारभार सुस्तावेल आणि सुशिक्षित तरुणांच्या संधी घटतील, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. वर्षे मोजणे म्हणजे गुण मोजणे नव्हे. पण त्यावर उपाय बढतीची दारे बंद करणे हा नसून, सेवेतील माणसाला शिकण्याची व परीक्षेने पुढे येण्याची खरी सोय करणे हा आहे. तरुणांच्या जागा अनुभवी कर्मचारी हिरावून घेत नाही; रिक्त पदे आणि कंत्राटी भरती त्या हिरावून घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत पदे भरण्याचा निर्णय राज्य शासनाने काढला आणि लोकक्षोभानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला, हे विसरता कामा नये. कंत्राटी माणसाला ज्येष्ठता यादीच नसते. त्याने कोणत्या शिडीकडे पाहावे?

कर्मचारी चळवळीनेही येथे विचार करावा. डिसेंबर १९७७ मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप ५४ दिवस चालला; मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी पुन्हा संप झाला. हे लढे न्याय्यच होते. तथापि भत्ता आणि निवृत्तिवेतन यांसाठी जी एकजूट दिसते, ती बढतीच्या प्रश्नावर दिसत नाही. तेथे प्रवर्ग प्रवर्गासमोर उभा राहतो. जागा रिक्त ठेवणाऱ्याला याहून सोयीचे काय असेल?

मागण्या साध्या आहेत. ज्येष्ठता यादी दरवर्षी वेळेवर प्रसिद्ध व्हावी. १ सप्टेंबरला निवडसूचीचे वर्ष सुरू होण्यापूर्वी पदोन्नती समितीची बैठक झालेली असावी. गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितले आहे; त्याचे काटेकोर पालन व्हावे. प्रभारी कारभाराला मुदत असावी.

वाशीमची गणना २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली. मागास भागाला योजना कमी पडत नाहीत, त्या राबविणारी जाणती माणसे योग्य जागी नसतात. तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली मंजूर पदे, भरलेली पदे आणि प्रभारी पदे यांची यादी मागवावी व ग्रामसभेत वाचून दाखवावी. आपला दाखला कोणत्या रिकाम्या खुर्चीपाशी अडला आहे, हे तांड्यावरच्या माणसाला एकदा कळले म्हणजे कारकुनाच्या बढतीचा प्रश्न कारकुनापुरता राहणार नाही.