खुर्ची मागू नका, खाती वाटा

विधानसभेत विरोधी पक्षनेता नेमला जात नाही म्हणून महाविकास आघाडीने गळा काढला, तेव्हा माझ्या डोळ्यांत टिपूसही आले नाही. 2024च्या निवडणुकीत ठाकरे गटाचे 20, काँग्रेसचे 16 आणि शरद पवारांच्या पक्षाचे 10 आमदार निवडून आले. 288च्या सभागृहात एकालाही दहा टक्के गाठता आले नाहीत, ही सत्ताधाऱ्यांची सबब. सबब लंगडी आहे. दिल्लीत 2015 साली 70पैकी अवघे 3 आमदार असलेल्या भाजपला हे पद मिळाले होते. पण ते मिळून आपल्याकडे होते काय?

खुर्चीचा इतिहासच बघा. नारायण राणे 2005मध्ये त्या खुर्चीवरून उठले आणि काँग्रेसचे महसूलमंत्री झाले. एकनाथ शिंदे 2014मध्ये महिनाभरही विरोधी पक्षनेते नव्हते, तोच मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील 2019मध्ये, तर अजित पवार 2 जुलै 2023 रोजी थेट उपमुख्यमंत्री म्हणून पलीकडे गेले. विरोधी पक्षनेतेपद म्हणजे मंत्रिपदाचे प्रतीक्षालय!

म्हणून म्हणतो, अध्यक्षांच्या दारात ताटकळण्यापेक्षा शॅडो कॅबिनेट उभे करा. त्याला कोणाची मान्यता लागत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक मंत्र्यासमोर त्याच खात्याचा विरोधी प्रवक्ता बसतो. निवडणुकीआधी त्याला सनदी अधिकाऱ्यांशी चर्चा करण्याची मुभाही मिळते. 1964पासूनचा हा रिवाज. रेचल रीव्हज 2021पासून विरोधी बाकांवरून अर्थखाते सांभाळत होत्या, 2024मध्ये सत्तांतर होताच त्याच खात्याच्या मंत्री झाल्या.

आपल्याकडे राज ठाकरे यांनी मार्च 2020मध्ये हा प्रयोग केला. कल्पना चांगली होती, पण विधानसभेत पक्षाचा आमदार एकच. प्रतिमंत्री ढीगभर आणि सभागृहात हात वर करणारा एक, अशाने कोणत्या मंत्र्याची झोप उडणार? आज आघाडीकडे 46 आमदार आहेत. मग अडते कुठे?

अडते दोन ठिकाणी. गृह कोणाकडे, नगरविकास कोणाकडे यावरून तिन्ही पक्ष हाती नसलेल्या सत्तेसाठीही भांडतील. आणि एकदा नाव लागले की अभ्यास करावा लागतो. पुरवणी मागण्या वाचाव्या लागतात, कॅगचा अहवाल चाळावा लागतो, शासन निर्णयातली मेख शोधावी लागते. त्यापेक्षा गळ्यात कांद्याच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहणे सोपे. संध्याकाळच्या बातम्यांत चेहरा दिसतो. याच आघाडीने 2024मध्ये महिलांना दरमहा 3000 रुपयांचे आश्वासन दिले. पैसा कुठून आणणार, हे सांगण्याची जबाबदारी कोणा एकाच्या नावावर होती का?

तेव्हा यादी जाहीर करा. पंधरा खाती, पंधरा नावे. त्यात नेत्याचा मुलगा, भाचा, नाराज ज्येष्ठ यांची सोय लावू नका. सिंचन त्याला द्या, ज्याला प्रकल्पाची सुधारित किंमत का वाढली हे फाईल न उघडता सांगता येईल. कृषी त्याला द्या, जो पीकविम्याच्या नियमांवर मंत्र्याला निरुत्तर करील. अर्थसंकल्प मांडला गेला की दुसऱ्या दिवशी आपला पर्यायी हिशेब मांडा, आकड्यांसह. आणि यादीतला कोणी खरोखर मंत्री झालाच, तर तो मतपेटीतून व्हावा. रातोरात बाके बदलून नव्हे.