सुरुंग वेचणाऱ्यांचे ऋण

युद्धविराम जाहीर झाला की वृत्तपत्रांचे मथळे बदलतात आणि देशाचे लक्ष अन्यत्र वळते. परंतु सेनेतील एका वर्गाचे युद्ध त्या दिवशी थांबत नाही. जमिनीत पेरलेले सुरुंग आणि न फुटता पडून राहिलेले तोफगोळे यांना युद्धविरामाचा करार ठाऊक नसतो. ते शोधून निकामी करणारा अभियंता दलाचा जवान, म्हणजेच ‘सॅपर’, आपल्या वीरगाथांमध्ये क्वचितच दिसतो. वस्तुतः या परंपरेचे एक मोठे पीठ महाराष्ट्रातच, पुण्याजवळच्या खडकी येथे आहे.

मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे याच ‘बॉम्बे सॅपर्स’चे. १९४८च्या एप्रिलमध्ये आपली सेना नौशेऱ्याहून राजौरीकडे निघाली, तेव्हा शत्रूने वाटेत सुरुंग पेरले होते आणि झाडे तोडून रस्ता अडविला होता. ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या तुकडीचे नेतृत्व सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे होते. ८ एप्रिलला तोफमाऱ्यात त्यांचे २ सहकारी पडले, राणे यांच्यासह ५ जण जखमी झाले. स्वतः राणे यांच्या मांडीला जखम झाली. तरीही ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत, त्यांनी मार्ग मोकळा केला. ११ एप्रिलपर्यंत हे काम अखंड चालले आणि दुसऱ्या दिवशी सेना राजौरीत पोहोचली. राणे यांना परमवीर चक्र मिळाले आणि ते त्यांनी हयातीत स्वीकारले. १९९४ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

हा पराक्रम चढाईच्या वेळचा होता. त्याहून चिवट काम असते ते नंतरचे. डिसेंबर २००१मध्ये संसदेवरील हल्ल्यानंतर ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. ते पुढे काढावे लागले. नकाशावर प्रत्येक सुरुंगाची नोंद असली तरी पावसाने माती वाहते, दरड सरकते, वाळवंटात वाळूचे ढिगारे हलतात आणि सुरुंग जागा बदलतो. ज्यात धातू अल्प असतो तो शोधकयंत्राला सापडत नाही. मग सळई तिरकी खुपसत वीत-वीत जमीन तपासावी लागते. या कामात जवानांनी प्राण वेचले, हातपाय गमावले. मे २०२५मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी झालेल्या गोळाबारीनंतरही पूंछ-राजौरीच्या गावांतील जिवंत तोफगोळे सेनेच्या पथकांनीच शोधून नष्ट केले. राणे ज्या राजौरीच्या वाटेवर झुंजले, त्याच परिसरात ७७ वर्षांनी तेच काम चालू होते.

धोका केवळ सीमेवर नाही. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुनी स्फोटके नष्ट करताना स्फोट झाला आणि ६ जणांचे प्राण गेले. मृतांत आसपासच्या गावांतील मजूर होते. युद्धसामग्री हाताळण्याचे प्रशिक्षण नसलेला रोजंदारीचा माणूस अशा ठिकाणी पोटासाठी उभा असतो, हे आपण विसरता कामा नये.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. भात कापून झाले की तेथील वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात. काम किती जोखमीचे आहे, हे विचारण्याची सोय त्यांना नसते. आणि ज्या पाड्यावरची माय पाण्यासाठी डोंगर उतरते, गुराखी रानात फिरतो, तिथला माणूस जाणतो की पायवाट हेच जगणे आहे. त्या वाटेवर प्रत्येक पावलाला मृत्यूची शंका असेल तर काय होईल? सीमेवरच्या खेड्यांचे तेच होते.

म्हणून सॅपरचा गौरव म्हणजे केवळ पुष्पहार नव्हे. त्याने मोकळी केलेली जमीन शेतकऱ्याच्या हाती परत जाते. हे राष्ट्ररक्षणच आहे. या कामात जायबंदी झालेला जवान असो वा मजूर, त्याच्या कुटुंबाला आयुष्यभराचा आधार मिळाला पाहिजे. जुना दारूगोळा नष्ट करण्याचे काम अप्रशिक्षित हातांवर सोपविणे बंद झाले पाहिजे. आणि ८ एप्रिलला शाळाशाळांतून, जव्हार-मोखाड्याच्या आश्रमशाळांतूनही, राणे यांची कथा सांगितली गेली पाहिजे. शत्रूवर चालून जाण्याइतकेच, इतरांसाठी वाट निर्धोक करणेही शौर्याचे असते, हा संस्कार मुलांवर लहान वयातच व्हायला हवा. सीमेवर त्यांनी आपले काम केले आहे. हे काम आपले आहे.