जे विकत नाहीत, त्यांनी अडवू नये

रॉटरडॅममधील आमच्या मंडळाच्या कपाटात ध्वनिफितींची दोन खोकी आहेत. कोणी त्या नागपूरला दीक्षाभूमीवर घेतल्या, कोणी सहा डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या फुटपाथवरून आणल्या, तर कोणाच्या वडिलांनी निरोप देताना त्या पेटीत कपड्यांच्या घडीत ठेवल्या. काही फिती इतक्या वाजल्या आहेत की गायकाच्या आवाजापेक्षा खरखरच अधिक ऐकू येते. तरीही भीमजयंतीच्या दिवशी त्यांतील एक लावली की सभागृहातील म्हातारी माणसे बोलायची थांबतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही जयंतीच्या कार्यक्रमाचे चित्रण इंटरनेटवर ठेवले. ढोलकी आणि बेंजोच्या साथीवरची एक जुनी कव्वाली पार्श्वभूमीला होती. दुसऱ्याच दिवशी चित्रणाचा आवाज बंद झाला. हे ध्वनिमुद्रण अमुक कंपनीच्या मालकीचे आहे, अशी सूचना आली. आम्ही रीतसर पत्र लिहून त्या कंपनीस विचारले की, या गाण्यासह तीन गाणी आमच्या सभासदांसाठी पुन्हा काढावयाची आहेत, आपले मूल्य कळवावे. तीन महिन्यांनी उत्तर आले की, ही गाणी सध्या आमच्या विक्रीच्या यादीत नाहीत, सबब परवान्याचा प्रश्न उद्भवत नाही. म्हणजे अडविण्यापुरते गाणे त्यांचे, आणि देण्याची वेळ आली की ते त्यांच्याकडे नाहीच! आपण जेवेना आणि दुसऱ्यास जेवू देईना, ही म्हण आम्ही लहानपणी ऐकली होती. तिचा अर्थ आम्हांस परदेशात येऊन कळला.

आमचे म्हणणे सरळ आहे. जे गाणे कंपनी विकत नाही, वाजवीत नाही, मागितले तरी देत नाही, ते जपून ठेवून दुसऱ्यास ऐकविणाऱ्या माणसास चोर म्हणण्याचा नैतिक अधिकार त्या कंपनीस नाही. जुन्या तबकड्या शोधणारे, बुरशी आलेली फीत कापसाने पुसून संगणकावर उतरविणारे आणि तिचे मोल न घेता ती जगापुढे ठेवणारे रसिक आज सर्व देशांत आहेत. त्यांच्यामुळेच आपली कित्येक गाणी जिवंत राहिली आहेत.

ही गाणी मुळात बाजारासाठी जन्मलीच नव्हती. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरत होते. पुढे तबकड्यांचे युग आले. पण तबकडी काढणे हे मोठ्या कारखान्याचे काम होते, आणि वस्तीतल्या गायनपार्टीला त्या दारात सहज प्रवेश नव्हता. तो प्रवेश कॅसेटने दिला. आणि ती कॅसेट या नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे आणली, हे आमच्या येथील तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असेल? फिलिप्सने इतर उत्पादकांनाही ती विनामूल्य बनवू दिली, म्हणूनच ती जगभर पसरली. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात लहानमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या, आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्यांचे आवाज टपरीवर, ट्रकमध्ये, लग्नाच्या मांडवात पोहोचले. या कंपन्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पैसा त्यांनी घातला आणि जोखीमही पत्करली. पण त्यांची भरपाई त्याच काळात झाली, हेही तितकेच खरे.

झाली नाही ती कलावंतांची. बहुतेकांना एकरकमी बिदागी मिळाली. कागदावर काय लिहिले आहे हे वाचून दाखविणारा वकील कोणाकडे होता? वामनदादा कर्डकांना तर अक्षरओळखही मोठेपणी झाली, आणि तरीही त्यांनी हजारो गाणी रचली. कोरसमध्ये गाणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाले, टाळी देणारे यांची नावे वेष्टनावरही आली नाहीत.

आता कायदा पाहू. कारण बाबासाहेबांच्या अनुयायांनी कायद्याकडे पाठ फिरवून केवळ संताप व्यक्त करणे शोभत नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो. १९९२ पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. त्यामुळे १९६४ साली निघालेली तबकडी २०२५च्या आरंभी मोकळी झाली. शब्दांचे मात्र तसे नाही. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ते बांधलेले राहतात. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांचे शब्द २०६४ अखेर मोकळे होतील. बाबासाहेबांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ २०१७पासून कोणीही छापू शकतो. बाबासाहेबांवरचे गाणे मात्र आमच्या नातवंडांनासुद्धा परवान्याविना गाता येणार नाही! वामनदादांच्या हक्काचे पैसे त्यांच्या वारसांना मिळत असतील तर २०६४ काय, त्यापुढेही ते मिळोत. आमची तक्रार नाही. पण शब्द एकदा बिदागीवर विकले गेले असतील, तर ही साठ वर्षे कोणाच्या लाभासाठी?

१९९४ साली या कायद्यात एक चांगली दुरुस्ती झाली. हक्क सोपविण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, करारात निराळे म्हटले नसल्यास, तो संपुष्टात यावा. आम्ही हे कलम १९ प्रथम वाचले तेव्हा आम्हांस आनंद झाला. कारण हक्क भारतापुरताच असेल तर रॉटरडॅममध्ये आमचा आवाज कोण बंद करणार? मग त्याच कलमाचे सातवे उपकलम वाचले. या दुरुस्तीपूर्वीच्या करारांना यांपैकी काहीही लागू नाही. आमच्या खोक्यांतील बहुतेक सर्व फिती त्यापूर्वीच्याच आहेत. ज्या पिढीला संरक्षणाची सर्वाधिक गरज होती, तिलाच नेमके दाराबाहेर ठेवले गेले.

२०१२च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मानधनात समान वाट्याचा हक्क दिला, हे स्वागतार्हच. परंतु जे गाणे विकलेच जात नाही, त्याचा समान वाटा म्हणजे शून्याचा अर्धा भाग. रोखून धरलेल्या कृतीसाठी सक्तीचा परवाना मागण्याची सोयही कायद्यात आहे. मात्र एका कव्वालीसाठी मुंबईत वकील उभा करण्याइतका पैसा कोणत्या भीमशाहिराच्या घरी शिल्लक आहे?

याच्या तुलनेत आम्ही राहतो त्या युरोपात काय घडले ते पाहावे. २०११च्या निर्देशाने येथे ध्वनिमुद्रणाची मुदत ५०वरून ७० वर्षांवर नेली गेली. कंपन्यांचा त्यात लाभ झाला, यात शंका नाही. पण त्या लाभास दोन अटी जोडल्या गेल्या. ५० वर्षांनंतर कंपनी ध्वनिमुद्रण पुरेशा प्रमाणात विक्रीस वा लोकांस उपलब्ध करीत नसेल, तर कलावंत तिला लेखी सूचना देऊ शकतो. वर्षभरात तिने हालचाल केली नाही तर करार संपतो आणि कंपनीचा हक्कही संपतो. दुसरी अट अशी की, ज्यांना एकदाच रक्कम देऊन वाटेस लावले, त्या वादकांसाठी व गायकांसाठी वाढीव वर्षांतील उत्पन्नाचा पाचवा हिस्सा दरवर्षी बाजूस काढावा. नेदरलँड्सने २०१३ साली हे आपल्या कायद्यात आणले. वापरा, नाहीतर सोडा! ढोलकीवाल्याच्या हक्काचा विचार युरोपातील व्यापाऱ्यांच्या कायद्यात होतो आणि आमच्या प्रजासत्ताकात होत नाही, याची लाज कोणास वाटावी? आमची मागणी एवढीच की, भारतात हेच तत्त्व १९९४पूर्वीच्या करारांना लावावे, आणि त्यासाठी ५० वर्षे थांबवू नये.

येथपर्यंत टाळ्या मिळतील, हे आम्ही जाणतो. आता आमच्याच माणसांविषयी बोलू. सहा डिसेंबरला दादरला हजार गाणी भरलेले पेनड्राइव्ह विकले जातात. त्यांवर ना कवीचे नाव असते, ना गायकाचे. ही विक्री चोरीच होय, आणि ती करणाऱ्याच्या गळ्यात निळा पट्टा आहे म्हणून ती पवित्र होत नाही. विनामूल्य गाणे ठेवणारेही सर्वच निर्दोष नाहीत. कोणी आरंभी स्वतःच्या नावाची घोषणा चिकटवितो, कोणी गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो. आपल्या कवींनी स्वतःची मोहोर शेवटच्या कडव्यात ठेवली आहे. तुकोबांच्याही आधीपासून चालत आलेली ही रीत वामनदादांनीही पाळली. ‘वामन’ हे नाव गाण्याच्या अखेरीस येते. कायद्याला ठाऊक नसलेला हा आमच्या परंपरेतला स्वामित्वहक्क आहे. गाणे लांबते म्हणून ते कडवे कापणारा कवीचे नाव पुसतो. कंपनीने आमचा आवाज बंद केला, हे खरे. पण कवीचे नाव आमच्याच कात्रीने गेले.

दुसरी एक आठवण येथे सांगणे भाग आहे. शाहीर विलास घोगरे यांनी जुलै १९९७मध्ये, रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, आपले जीवन संपविले. १९८५च्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे टिपले होते, म्हणून तो आवाज आज परदेशी वाढलेल्या आमच्या मुलांनाही ऐकता येतो. कोणीतरी वेळेवर यंत्र सुरू केले आणि नंतर ते लपवून ठेवले नाही, एवढेच त्याचे कारण.

या रॉटरडॅममध्येच १९६०च्या दशकात तबकड्यांचे एक वाचनालय सुरू झाले आणि पुस्तकासारख्या तबकड्या उसन्या देऊ लागले. त्यात जगातील कोणते संगीत नव्हते? महाराष्ट्र शासनाने १९७९पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः अल्प दरात प्रसिद्ध केली. भीमगीतांसाठी मात्र असा एकही सरकारी खंड आम्ही पाहिलेला नाही.

मंडळाने ठरविले आहे की, पुढील जयंतीपूर्वी खोक्यांतील प्रत्येक फीत संगणकावर उतरवावयाची. ज्यांचा मालक सापडेल त्यास पुन्हा पत्र जाईल, आणि तीन महिन्यांचे उत्तर पुन्हा आले तर ते पुढच्या स्मरणिकेत कंपनीच्या नावासह छापले जाईल. गीतकारांच्या वारसांचा शोध प्रथम घ्यावयाचा आहे. त्यांची अनुमती कंपनीच्या अनुमतीपेक्षा आम्हांस मोठी आहे. आपल्या घरी फिती असतील तर त्या वेष्टनातील कागदासह आणाव्यात. कागद फाटला असेल तरी फेकू नये, कारण कित्येकदा गीतकाराचे नाव तेथेच, मागच्या बाजूस, बारीक अक्षरांत असते. फीत तुटली असेल तर घरी चिकटपट्टी लावू नये, तशीच आणावी.

जयभीम.