मिठूचा दम



या सदरातून आम्ही मुलांच्या शिक्षणाविषयी, घरखर्चाविषयी, सरकारी अर्जांविषयी लिहीत असतो. आज एका पाखराविषयी लिहीत आहोत. यात आमचीच चूक आहे. ती आधी कबूल केल्याशिवाय पुढचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

आमच्या घरी तीन वर्षे पोपट होता. हिरवागार, लाल चोचीचा, गळ्यात कंठ नुकताच उमटू लागलेला. पिल्लू असताना मेहुण्यांनी गावाहून आणून दिला. धाकट्या मुलीने नाव ठेवले मिठू. दारात कोणी आले की तो "जयभीम" म्हणायचा, त्यामुळे साऱ्या चाळीचा लाडका.

एका पावसाळ्यात त्याचा आवाज बसला. "जयभीम"ऐवजी नुसती खरखर ऐकू येऊ लागली. मिरची तशीच पडून राहू लागली. पिसे फुगवून, डोळे अर्धवट मिटून तो बसायचा आणि प्रत्येक श्वासाला त्याची शेपटी वर-खाली व्हायची. आम्ही म्हटले, पावसाळी सर्दी आहे, होईल बरी. शेजारच्या काकू म्हणाल्या, दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या उतरवा. कोणी ब्रँडीचा थेंब पाजायला सांगितले, तर कोणी लहान मुलांच्या सर्दीच्या औषधाची बाटलीच आणून दिली.

आमची आई मात्र बराच वेळ पिंजऱ्यासमोर बसून होती. ती म्हणाली, "आरं, ह्याचा दम तुझ्या आबावानी चाललाय."

आमच्या काळजात चर्र झाले. वडील कापड गिरणीत होते. कापसाच्या धुळीत उभा जन्म गेला. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायचे. त्या वेळीही आम्ही "होईल बरे" एवढेच म्हणत राहिलो आणि मोठ्या डॉक्टरकडे नेले तेव्हा फार उशीर झाला होता.

तरीही पाऊल दारातच अडखळले. कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे आपला देशी पोपट पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे. वस्तीत लोकांना कायदा समजावून सांगणारे आम्ही, आणि आमच्याच खिडकीत हा पिंजरा! डॉक्टरांनी विचारले तर काय सांगायचे? या भीतीत आणखी एक दिवस गेला. शेवटी धाकटी म्हणाली, "पप्पा, सिद्धार्थाने हंसाला लगेच उचलून घेतले होते ना? मग आपण कशाची वाट बघतोय?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "पिंजरा कुठे टांगता?" आमची खोली दहा बाय बाराची. एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, मधे खिडकीत पिंजरा. सकाळ-संध्याकाळ वंदनेची अगरबत्ती, दोन वेळची फोडणी, रात्री डासांची कॉइल. सगळा धूर मिठूच्या तोंडावर!

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पक्ष्याच्या अंगात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात. उडण्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो, म्हणून त्याची श्वसनाची रचना आपल्यापेक्षा फार तरतरीत असते. परंतु त्यामुळेच विषारी हवाही त्याला आपल्याआधी बाधते. पूर्वी इंग्लंडच्या कोळसा खाणीत विषारी वायू ओळखण्यासाठी कॅनरी पक्षी नेत असत, ते याच कारणाने. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने घरातला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

दुसरे कारण खाण्यातले. नुसती चण्याची डाळ, शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बिया यांवर पोपट जगतो, पण त्याला 'अ' जीवनसत्त्व मिळत नाही. मग नाकाचे व घशाचे अस्तर कमजोर होऊन रोग लवकर शिरतो. ओलसर, बुरशी धरलेले शेंगदाणे तर घातकच. ती बुरशी छातीत घर करते. गाजर, पालक, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई हे त्याचे खरे अन्न.

पक्षी आपले दुखणे लपवतो. रानात आजारी दिसला की शिकारी त्यालाच आधी धरतो. म्हणून तो फुगून बसलेला दिसला, म्हणजे दुखणे बरेच पुढे गेले असे समजावे. उघड्या चोचीने श्वास, हलणारी शेपटी, नाकपुड्यांतून पाणी, बदललेला आवाज, पिंजऱ्याच्या तळाशी बसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक आहेच. इतरत्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. दवाखान्यात पोचेपर्यंत पिंजरा तीन बाजूंनी झाकून ऊब द्यावी आणि गडबड टाळावी. चोचीत बळेच पाणी वा औषध ओतू नये, ते श्वासनळीत जाते. छातीभोवती मूठ आवळू नये. छाती हलली नाही तर पक्ष्याला श्वासच घेता येत नाही. माणसांच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत.

आणखी एक गोष्ट घरातल्या माणसांसाठी. पोपटांना होणारा सिटॅकोसिस नावाचा रोग माणसालाही होऊ शकतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून गेली की ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. योग्य औषधाने तो बरा होतो. मात्र घरात पक्षी आहे हे आपल्या डॉक्टरांना सांगायला हवे. पिंजऱ्यातला कागद आधी ओला करावा, मग नाकाला फडके बांधून उचलावा, हात साबणाने धुवावेत. आजारी पक्ष्यापासून लहान मुले व गरोदर बायांना दूर ठेवावे.

डॉक्टरांनी वजन करून औषध दिले आणि ते कसे पाजायचे तेही शिकवले. आम्ही कॉइल बंद करून मच्छरदाणी लावली. अगरबत्ती दाराबाहेर लावू लागलो; वंदनेत त्याने काही उणे आले नाही. हळूहळू शेपटीचे हलणे थांबले. एके सकाळी मिठू घोगऱ्या आवाजात "जयभीम" म्हणाला आणि आईने पदराने डोळे पुसले.

पण डॉक्टरांनी निघताना सांगितले होते, "बरा झाला की वनविभागाकडे द्या. परस्पर उडवून देऊ नका. पिंजऱ्यात वाढलेल्याला चारा शोधता येत नाही, कावळे-घारी त्याला मारतात." घरात दोन दिवस कोणी नीट जेवले नाही. धाकटी तर पिंजरा सोडीना. आम्ही तिला रागावलो नाही. एवढेच म्हटले, "बाळा, दहा बाय बारात आपलाही जीव कोंडतो. तरी आपण दार उघडून बाहेर जातो. त्याला ते दारही नाही."

वनविभागाच्या कार्यालयात सारे खरे सांगितले आणि लेखी जबाब दिला. मान खाली गेली, पण मनावरचे ओझे उतरले.

बंधू-भगिनींनो, १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. आम्ही ती दर वर्षी म्हणतो आणि घरी येऊन पिंजऱ्यात मिरची टाकत होतो. माया खरी होती, परंतु ज्ञानावाचूनची माया त्या जिवाला धुरात कोंडून बसली होती. ज्यांच्या घरी असा पिंजरा असेल त्यांनी कायद्याच्या भीतीने आजारी पाखराचे औषधपाणी टाळू नये, आणि ते बरे झाल्यावर मायेच्या नावाखाली पुन्हा कोंडू नये.

आमच्या विहारासमोरच्या पिंपळावर संध्याकाळी पोपटांचा थवा उतरतो. धाकटी आता रोज तिथे जाऊन उभी राहते. त्यात मिठू नाही हे तिला माहीत आहे. तरी ती मोठ्याने "जयभीम" म्हणते, आणि आम्हीही तिच्यासोबत म्हणतो.

नमो बुद्धाय, जयभीम!